धुईतली माळ

पुण्याच्या पुतण्यानं आज सकाळी मोबाईलवर मेसेज पाठवला. ‘थंडीत आणि धुक्यात वाहन चालवताना घ्यायची काळजी.’ खाली दहा-बारा सूचना, प्रत्येकीपुढं हिरवी बरोबरची खूण आणि शेवटी जोडलेले हात. वेग कमी ठेवा. अंतर राखा. काच पुसा. दिवे लावा. मी भिंग धरून एकूण एक सूचना वाचली. एकही चुकीची नव्हती, आणि त्याचाच मला संताप आला. अरे बाबा, हे सगळं मला पाठ आहे. माझ्या पोरीलाही पाठ आहे. मीच तिच्याकडून घोकून घेतलंय. तरीसुद्धा गेल्या हिवाळ्यात जे व्हायचं ते झालंच. पण हे पुतण्याला काय सांगणार? तो बिचारा काळजीपोटी पाठवतो. मी त्याला एक अंगठा पाठवून दिला आणि फोन उशाशी ठेवला.

तीन दिवस झाले, धुई परत आलीये. आमच्याकडं धुकं कुणी म्हणत नाही, धुकं टीव्हीवर असतं. इथं धुई. आणि ती वरून पडते असं लोक म्हणतात खरं, पण धारूरला ती खालून येते. घाटाखालच्या काळ्या रानातून, उसाच्या फडांवरून, धरणाच्या अंगानं उठते आणि सहाच्या सुमारास चढ चढून आमच्या दारात येऊन बसते. आमचं घर गावाच्या टोकाला, जिथून रस्ता घाटात उतरतो तिथं. आधी किराणा दुकानाची पाटी जाते, मग लिंबाचं झाड जातं, मग समोरच्या हॉटेलातल्या भट्टीचा तेवढा तांबूस ठिपका राहतो. शेजारचे भगवानआप्पा तुरीला शिव्या घालत अंगणात येरझारा घालतात. तुरीचा काय दोष? पण फुलं गळायला लागली की माणूस कुणाला तरी बोलणारच. हवेला ओल्या उसाचा, डिझेलचा आणि चुलीच्या धुराचा वास येतो. मी फ्रिजमधून काढलेले थेंब डोळ्यांत घालतो. एवढ्या थंडीत ते थेंब डोळ्यांत पडले की डोक्यात सणक जाते.

ते थेंब काचबिंदूचे. काचबिंदू म्हणजे काय ते लोकांना समजावताना मी थकलो. सगळ्यांना वाटतं, आंधळा झाला. तसं नाही. मधलं मला नीट दिसतं, पुस्तकसुद्धा वाचता येतं. कडेचं गेलं. नळीला डोळा लावून बघावं तसं दिसतं. घरात त्यानं फार अडत नाही, पाटाला पाय लागतो एवढंच. पण तीस वर्षं सरकारी खात्याची जीप चालवलेल्या माणसाचं कडेचंच गेलं तर उरलं काय? रस्ता मधे असतो, पण संकट कडेनं येतं. शेळी कडेनं येते, पोरगं कडेनं येतं, ट्रॅक्टर कडेनं येतो. डॉक्टर म्हणाले, ‘आता स्टेअरिंगला हात लावायचा नाही.’ मी म्हणालो, ‘बरं.’ दवाखान्याबाहेर येऊन पायरीवर बसलो आणि बायकोदेखत रडलो. लाज वाटली नाही.

वाचायची सवय मला नोकरीनंच लावली. साहेब मीटिंगला आत गेले की ड्रायव्हर दोन-तीन तास रिकामा. बाकीचे पत्ते कुटायचे, तंबाखू मळायचे. मी वाचायचो. बीडच्या कचेरीच्या आवारात, कड्याला कारखान्याच्या गेटसमोर, कपिलधारच्या वाहनतळावर, कुठंकुठं बसून मी पुस्तकं संपवली आहेत. साहेब हसायचे. ‘आमचा ड्रायव्हर आमच्यापेक्षा शिकलेला आहे,’ असं दुसऱ्या साहेबांना सांगायचे. मला ते ऐकायला आवडायचं. खोटं कशाला बोलू, मला स्वतःचं कौतुक फार.

आणि कौतुक करण्यासारखं काही होतंही. धुईच्या दिवसांत सकाळी समोरच्या हॉटेलात माणसं खोळंबलेली असायची. दूधवाले, मास्तर लोक, बाजाराला निघालेले, पहाटे भाजी घेऊन खाली जाणारे टेम्पो. एकटं कुणी घाटात उतरायचं नाही. म्होरक्या लागायचा. एक जाणती गाडी पुढं, तिच्या मागच्या तांबड्या बत्त्यांवर नजर ठेवून दुसरी, दुसरीवर नजर ठेवून तिसरी. त्याला इथं माळ म्हणतात. ‘माळ लागली का?’ ‘माळ कवा निघती?’ असं विचारतात. माझ्या काळात ती माळ माझ्या जीपमागं लागायची. मी घरातून मफलर गुंडाळत बाहेर पडलो की हॉटेलातून आवाज यायचा, ‘चला रे, अण्णा निघाले!’ आणि अर्धे कप तसेच टाकून माणसं उठायची. त्या एका हाकेसाठी मी थंडीत पाच वाजता उठून जीप पुसली आहे.

घाटातली सगळी वळणं मला तोंडपाठ होती. नुसत्या चाकाच्या आवाजावरून सांगायचो, आता पूल आला, आता खडी आली. काचेला बाहेरून तंबाखू चोळायचो, म्हणजे पाण्याचे थेंब धरत नाहीत. आतून वाफ धरू नये म्हणून खिडकी दोन बोटं उघडी. मोठा लाइट कधी नाही, धुईत मोठा लाइट लावला की समोर पांढरी भिंत उभी राहते. जीप बदलून नवी आली तेव्हा चारी बत्त्या एकदम लुकलुकवायचं बटण आलं. तेव्हापासून घाटाच्या वरच ते बटण दाबायचं आणि खाली पोचेपर्यंत चालू ठेवायचं, म्हणजे मागच्यांना आपण लांबून दिसतो. बघता बघता सगळा घाट तसं करायला लागला. अण्णा करतात म्हणजे बरोबरच असणार. आजही धुई पडली की आमच्या घाटात सगळ्या गाड्या वरपासून खालपर्यंत लुकलुकत उतरतात.

माझी मनीषा, घरातली मनी, नर्स आहे. घाटाखालच्या एका गावात आरोग्य उपकेंद्रावर तिची नेमणूक झाली. तिथं राहायला खोली आहे म्हणे. आहे, पण तिचा स्लॅब गळतो आणि दार बंद होत नाही. दुरुस्तीचा अर्ज दिलाय. तो कुठल्या टेबलावर आहे ते देव जाणे. म्हणून ती रोज धारूरहून अपडाउन करते. त्यासाठी जुनी चारचाकी घेतली आणि शिकवायला मी बसलो.

शिकवायला म्हणजे काय, छळायलाच. क्लच अर्धा सोडून उतारावर गाडी थोपवून दाखव. डोळे मिटून सांग आता कितवं वळण आहे. तंबाखू चोळ काचेला. ‘अण्णा, मी लोकांना तंबाखू सोडा म्हणून सांगते आणि माझ्याच काचेला चोळू?’ ती म्हणायची. मी म्हणायचो, ‘काच खात न्हाई ना, चोळ.’ आणि सगळ्यात वरचा नियम मी तिला दहादा म्हणायला लावला होता. दिसेनासं झालं की हिकमत करायची नाही. डावीकडं जिथं मुरमाची मोकळी जागा आहे तिथं गाडी पूर्ण रस्त्याबाहेर घ्यायची, हँडब्रेक ओढायचा, चारी बत्त्या चालू ठेवायच्या आणि आत बसून राहायचं. धुई विरळ झाली की निघायचं. मी स्वतः तसं पाच-पन्नास वेळा केलं होतं आणि माझ्या जीपला एक ओरखडा आला नव्हता.

पहिला महिनाभर मी तिच्या शेजारी बसून खाली जायचो आणि दुपारी मिळेल त्या गाडीनं वर यायचो. माझा उजवा पाय सारखा पायपुसणं दाबायचा. ‘अण्णा, तिथं ब्रेक न्हाई,’ ती रस्त्यावरची नजर न काढता म्हणायची. मी तोंडानंच गाडी चालवायचो. ‘गिअर टाक. आता हॉर्न. अगं ट्रॉली हाय पुढं, उसाची ट्रॉली!’ ‘दिसतीये मला, अण्णा.’ ‘मला न्हाई दिसली, म्हणून सांगितलं.’ त्याच संध्याकाळी जेवताना तिनं ताटाकडं बघत सांगितलं, ‘उद्यापासून तुमी येऊ नका. तुमी शेजारी असला की मी रस्ता सोडून तुमच्याकडं बघते.’ मला राग आला. तिच्या आईला, सुमनला, बरं वाटलं. तिनं लगेच माझ्या ताटात आणखी एक भाकरी टाकली.

मग मी दारात उभा राहायला लागलो. आणि एक दिवस ते ऐकलं. मनी गाडी बाहेर काढत होती, आणि हॉटेलातून कुणीतरी ओरडलं, ‘चला बे, मॅडम निघाल्या!’ मोटरसायकलींना किका बसल्या, टेम्पोचं इंजिन खोकलं, आणि माळ माझ्या पोरीमागं लागली. तिच्या मागं पहिला असायचा दत्तू. हा आमच्या वरच्या वस्तीवरचा दूधवाला, चार म्हशी, मोटरसायकलला दोन्हीकडं दोन कॅन. त्या दिवशी माझी छाती अशी भरून आली की मी घरात जाऊन सुमनला म्हणालो, ‘ऐकलंस का? माळ तिच्या मागं लागली.’ ती म्हणाली, ‘त्यात काय एवढं? पोरीला अजून घोर.’ बायकोला शहाणपण कुठून सुचतं ते मला कळलेलं नाही.

खाली पोचली की मनी एक रिंग देऊन फोन कट करायची. घाटात रेंज नाही, म्हणून रिंग आली म्हणजे ती घाटाबाहेर पडली. पाऊण तासात यायची. तो पाऊण तास मी कसा काढायचो ते माझं मला माहीत. रेडिओ लावायचो, बंद करायचो. अंघोळीचं पाणी तापून निवायचं. फोन हातात घेऊन बघायचो की आवाज बंद तर नाही झाला. ‘तुमी असं बसल्यानं धुई हटणाराय का?’ सुमन विचारायची. आणि रिंग आली की तीच आधी देव्हाऱ्याकडं बघून हात जोडायची. आपल्या लेकराचा जीव त्या एका रिंगेत अडकलेला, आणि आपण खाटेवर. या बसण्याला काय म्हणतात ते मला कुठल्याच पुस्तकात सापडलं नाही.

गेल्या हिवाळ्यात, संक्रांतीच्या आधीच्या आठवड्यात, धुईनं कहर केला. त्या सकाळी मनी निघाली तेव्हा मला माझ्या दारातून रस्तासुद्धा दिसत नव्हता. मी म्हणालो, ‘आज न्हाई गेलं तर चालत न्हाई का?’ ती म्हणाली, ‘लसीकरण हाय, अण्णा. बायका लेकरं घेऊन येऊन बसत्यात.’ गेली. पाऊण तास झाला. तास झाला. रिंग नाही. सव्वा तासानं फोन वाजला आणि वाजतच राहिला. कट होईना. मी उचलेपर्यंत माझ्या हातातून दोनदा निसटला.

‘अण्णा, मी ठीक हाय,’ मनी म्हणाली. मागं वारा, माणसांचा गलका; घाटातच कुठंतरी रेंजची एखादी काडी सापडली असावी. ‘मला काही झालं न्हाई. पण दत्तूभाऊ माझ्या गाडीवर येऊन आपटलेत. मागून. पाय लई वाईट मोडलाय. अण्णा, मी बाजूला घेतली होती. तुमी सांगितलं तसंच केलं. सगळं तसंच केलं.’ आणि फोन बंद पडला.

शेजारी भगवानआप्पांची पिकअप उभी होती, किल्ली कायम तिच्यातच. मी अनवाणी धावलो, दार उघडून बसलो आणि स्टार्टर मारला. इंजिनाचा तो आवाज ऐकल्याबरोबर मला वाटलं, झालं, आता मी पोचतो. पोरगी घाटात उभी आहे, तीस वर्षांचा हात आहे माझा, मी नाही जाणार तर कोण जाणार? पहिला गिअर टाकला, सोडली. दोन हातसुद्धा गेलो नसेन, डाव्या अंगाला करकर असा आवाज आला आणि गाडी अडकली. आप्पांच्या फाटकाचा खांब. मला तो दिसलाच नव्हता. रोज त्या खांबाला टेकून मी गप्पा मारतो. सुमन पळत आली, खिडकीतून हात घालून तिनं किल्ली काढून घेतली. मी स्टेअरिंग धरून तसाच बसलो. तिनं माझी बोटं एकेक करून सोडवली.

पुढं काय घडलं ते मला नंतर मनीनं सांगितलं. चौथ्या वळणाच्या खाली धुई एवढी दाटली की तिला स्वतःच्या गाडीचं नाक दिसेना. तिनं हिकमत केली नाही. डावीकडं मुरमाची जागा होती, गाडी पूर्ण रस्त्याबाहेर घेतली, हँडब्रेक ओढला. चारी बत्त्या लुकलुकतच होत्या, त्या तशाच ठेवल्या आणि आत बसली. मागं दत्तू. तो रस्त्याकडं बघतच नव्हता. माळेतला माणूस रस्त्याकडं बघत नाही, पुढच्या बत्तीकडं बघतो. बत्ती डावीकडं गेली, दत्तू डावीकडं गेला. मुरमावर चाक आलं तेव्हा त्यानं ब्रेक दाबला, पण भरलेले कॅन मोटरसायकलला कुठं थांबू देतात? मोटरसायकल घसरली आणि तो मनीच्या गाडीच्या मागच्या बाजूला जाऊन आदळला. मनी खाली उतरली तेव्हा मुरमावर सगळीकडं दूध सांडलेलं आणि त्यात दत्तू. तिनं लसीच्या डब्याचा पट्टा सोडला, छत्री पायाला लावली आणि ओढणीनं, पट्ट्यानं आवळून बांधली. मग मागून येणाऱ्या टेम्पोला ओरडून ओरडून थांबवलं. त्याच टेम्पोतून त्याला नेलं.

त्याच्या पायात सळई घातली. महिन्यानं तो घरी आला तेव्हा मी भेटायला गेलो. वस्तीवर त्याची बायको म्हशींची धार काढत होती, तो बाजेवर पडून तिला ‘तिला आधी पाणी दाव, मग बस’ असं लांबूनच सांगत होता. जाताना रस्त्यात मनात शब्द जुळवले होते, ते दारातच सांडले. मी म्हणालो, ‘दत्तू, बाबा, कसं झालं रे हे?’

तो शांतपणे म्हणाला, ‘कसं काय, अण्णा? म्या बत्त्या बघून आलतो. बत्त्या तर वरपासूनच लुकलुकत हुत्या की. चालती हाय का उभी हाय, मला कसं कळावं?’

मी बाजेच्या कडेवर टेकलो.

‘मॅडमची काय चूक न्हाई,’ तो पुढं म्हणाला. ‘त्यांनी पाय बांधला म्हणून पाय ऱ्हायला, डॉक्टर म्हणले. तुमी कावून तोंड उतरवून बसलाव? च्या घ्या.’

त्यानं शिवी दिली असती तर मी सुखानं घरी गेलो असतो.

परत येताना मी पायी आलो. चालता चालता एकाच गोष्टीचा विचार करत होतो. मी तर पाच-पन्नास वेळा असाच थांबलोय. अशाच बत्त्या लावून. माझ्या मागंही माळ असायची. मग मला कुणी कसं येऊन धडकलं नाही? माझं नशीब? माझा हात? आणि हनुमान मंदिरासमोर मला एकदम गफूरभाई आठवले.

गफूरभाई आमच्या ऑफिसचे शिपाई. जीपमधे पुढं मी, शेजारी साहेब आणि मागच्या बाकड्यावर फायलींबरोबर गफूरभाई. वीस वर्षं तो माणूस माझ्या पाठीशी बसला आणि मी आरशातसुद्धा त्याच्याकडं धड बघितलं नाही. मी धुईत जीप बाजूला घेतली की चाकं थांबायच्या आत ते मागून उडी टाकायचे. हातात ऑफिसची बॅटरी, डोक्यावर घोंगडी. वीस-तीस पावलं मागं चालत जायचे आणि रस्त्याच्या कडेला उभं राहून बॅटरी हलवत ओरडायचे, ‘ठैरो! ठैरो! आगे गाडी खडी है!’ मागची माळ त्यांच्याजवळ थांबायची. ते कडाक्याच्या थंडीत उभे, मी जीपमधे साहेबांशी गप्पा मारत बसलेलो. त्यांना तसं करायला कुणी सांगितलं नव्हतं. मी तर नाहीच. त्यांनी कधी बोलूनही दाखवलं नाही. परत येऊन बसले की हात चोळत एवढंच म्हणायचे, ‘चलो, ड्रायव्हरसाब.’

मी मनीला शिकवलं ते माझ्या हातापायांनी केलेलं सगळं. गिअर, ब्रेक, काच, तंबाखू, बत्त्या. काहीएक सोडलं नाही. पण माझ्या पाठीमागं दुसरा माणूस काय करत होता, ते मी कधी गाडी चालवण्यात धरलंच नव्हतं. तो नियम अर्धाच होता. अर्धा नियम मी पोरीच्या हातात दिला आणि म्हणालो, हा तुला वाचवील. तिला वाचवलंच त्यानं. मागच्याचा पाय मोडला.

गफूरभाई आता नाहीत. कुणाला जाऊन विचारू की बाबा, तुम्हाला हे कसं सुचलं?

मनीला सांगायला मला आठ दिवस लागले. ती तोपर्यंत स्वतःलाच दोष देत होती. आरशात बघायला हवं होतं, हॉर्न द्यायला हवा होता, आणखी आत घ्यायला हवी होती. जेवण जात नव्हतं तिला. शेवटी एका संध्याकाळी ती केस विंचरत बसली होती तेव्हा मी गफूरभाईंचं सगळं सांगून टाकलं आणि म्हणालो, ‘चूक माझी हाय, मने. तुझी न्हाई.’ मला वाटलं ती चिडेल, निदान रडेल. ती फणीतले केस काढत राहिली. मग म्हणाली, ‘म्हंजे अण्णा, तुमी एकटे कधी नव्हताच.’

एवढं एक वाक्य. तीस वर्षांची माझी मिजास तिथंच उतरली.

त्यानंतर मी काय काय करून पाहिलं ते विचारू नका. मनीच्या उपकेंद्रावरच्या खोलीच्या दुरुस्तीसाठी स्वतः ऑफिसात जाऊन बसलो. साहेब गोड बोलले, चहा दिला, झालं. हॉटेलात जाऊन सगळ्यांना सांगितलं की बाबांनो, चालत्या गाडीला चार बत्त्या लावू नका, उभ्या गाडीलाच लावा. सगळ्यांनी माना डोलावल्या. एक मास्तर म्हणाले, ‘अण्णा, तुमीच तर ही पद्धत पाडली.’ दुसऱ्या दिवशी सगळे परत लुकलुकत उतरले. त्यांचं म्हणणं, बत्ती दिसली नाही तर मागचा कुठं बघणार? मी म्हणालो, ‘मग माळच लावू नका.’ तर एक टेम्पोवाला म्हणाला, ‘मग काय धुईत एकेकट्यानं मरावं का?’ त्याचंही खोटं नव्हतं. खांबावरचा पिकअपचा ओरखडा दाखवून भगवानआप्पा मला चिडवतात, मीही हसतो. पण अंगणात एकटा असलो की तो खांब चाचपून बघतो. खरंच एवढा मोठा खांब मला दिसला नाही?

मी घरात बसून हिशोब जुळवत असतो. समजा, परत तसंच थांबायची वेळ आली. बत्त्या चालू ठेवाव्या तर माळ त्या बत्तीमागं येऊन अंगावर चढणार. बत्त्या विझवाव्या तर मागून उसाचा ट्रॅक्टर आला तर त्याला काय दिसणार? खाली उतरून मागं चालत जावं, तर गफूरभाईंच्या काळी घाटात एवढी वाहनं कुठं होती? आता त्या धुईत रस्त्यावर उभं राहायला मी माझ्या पोरीला सांगू? थांबूच नये म्हणावं, तर समोरचं दिसत नसताना चालवायचं कसं? मी सगळ्या बाजूंनी जाऊन बघतो आणि प्रत्येक बाजूला कुणीतरी मरतंच. पुतण्याच्या मेसेजमधल्या त्या हिरव्या खुणा मला म्हणूनच झोंबल्या.

आज सकाळी मनी निघाली तेव्हा मी दारात होतो. समोर हॉटेलची भट्टी दिसत नव्हती, पण कॅनचा आवाज ओळखीचा आला. दत्तू. दोन महिन्यांपूर्वी त्यानं परत दुधाची फेरी धरली. चालताना काठी लागते, ती काठी मोटरसायकलला आडवी बांधून आणतो. त्याला म्हटलं होतं, बाबा, उन्हं वर आल्यावर जात जा. तर म्हणाला, ‘अण्णा, दूध थांबतंय व्हय?’ आणि तो कुणामागं जाणार, तर मनीच्याच. त्याला दुसरं कुणी भरवशाचं वाटत नाही. त्याच्यामागं आणखी दोन-तीन मोटरसायकली गुरगुरत होत्या, माणसं हातावर फुंकर घालत उभी होती.

मनीनं गाडी सुरू केली. काच खाली घेतली. कानटोपीत तिचा चेहरा लहानपणी शाळेत सोडायला जायचो तेव्हा दिसायचा तेवढाच दिसत होता.

‘अण्णा,’ ती हळू आवाजात म्हणाली, मागच्यांना ऐकू जाऊ नये म्हणून. ‘आज जर मधेच थांबायची वेळ आली, तर काय करू?’

माझ्या तोंडाशी शब्द आले. तीस वर्षांची सवय आहे, कुणी गाडीचं काही विचारलं की तोंड आपोआप उघडतं. सुमन माझ्यामागं उंबऱ्यात उभी होती, तीसुद्धा मी काय सांगतो याची वाट बघत होती. मी गाडीच्या दारावर हात ठेवला. पत्रा बर्फासारखा गार.

‘मला न्हाई माहीत, बाई,’ मी म्हणालो.

तिनं माझ्याकडं बघितलं. चिडली नाही, घाबरली नाही. उलट आज पहिल्यांदाच मी तिला काहीतरी खरं सांगितलं असावं असं तिच्या डोळ्यांत दिसलं. माझ्या हातावर तिनं आपला हात ठेवला आणि काढून घेतला.

‘मलाबी न्हाई,’ ती म्हणाली, आणि तिनं गिअर टाकला. मागच्या सगळ्या मोटरसायकली तिच्या मागोमाग निघाल्या.